हार्ड डिस्कवर कुठली फाइल कुठे बसवायची, हे किती आपल्या हातात असतं?

प्रश्न फोंड्याच्या एका व्हिडिओ स्टुडिओवाल्यांचा आहे. त्यांच्याकडे १ टीबीची, ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्यांची) हार्ड डिस्क आहे आणि तिचे सी आणि डी असे दोन भाग (पार्टिशनं) केलेले आहेत. सीवर विंडोज १० आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर. डीवर जत्रेतल्या नाटकांची आणि भजनांची मिनी डीव्ही टेपवरून उतरवलेली चित्रीकरणं, लग्नांचे फोटो आणि सध्या हातात असलेलं काम. विंडोज ९८ च्या काळात नॉर्टनच्या स्पीड डिस्कमध्ये कुठल्या फायली आधी आणि कुठल्या शेवटी बसवायच्या हे सांगता यायचं, ते त्यांच्या लक्षात आहे. विंडोजचा आजचा डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे जोडणारं साधन) मात्र काहीच विचारत नाही. ‘चालू काम पुढे आणि जुनी चित्रीकरणं मागे, असं करता येईल का, आणि केलं तर फरक पडेल का?’ असं त्यांनी विचारलंय.

करता येतं, आणि तुमच्या कामात फरकही पडेल. पण डीफ्रॅगच्या सॉफ्टवेअरने एकेक फाइल उचलून जागेवर ठेवण्यापेक्षा पार्टिशनं नीट आखली आणि डिस्क एकदा रिकामी करून हव्या त्या क्रमाने पुन्हा भरली, तर जास्त मिळतं आणि ते जास्त दिवस टिकतं. म्हापशाला दुरुस्तीच्या टेबलावर बरीच वर्षं हे काम केल्यावर माझं हे मत पक्कं झालंय. त्यामागची कारणं नीट सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या डिस्कपुरता निर्णय घेता येईल.

आधी ‘पुढे’ आणि ‘मागे’ म्हणजे काय ते. डिस्कमधली चकती एकाच वेगाने फिरते, पण बाहेरच्या कडेचा घेर मोठा असल्यामुळे तिथल्या ट्रॅकवर (गोल पट्ट्यावर) जास्त सेक्टर (माहितीचे ठरावीक कप्पे) मावतात. म्हणून एका फेरीत बाहेरून जास्त माहिती वाचली जाते. हार्ड डिस्कचा पत्ता शून्यापासून सुरू होतो तो बाहेरच्या कडेला. म्हणजे पहिलं पार्टिशन बाहेर आणि शेवटचं आत, मध्याजवळ. ३.५ इंची डिस्क बाहेरच्या कडेला सेकंदाला १८० ते २०० एमबी देत असेल, तर आतल्या टोकाला ती ९०-१०० च्या आसपास उतरते. साधारण निम्मी. हा फरक खरा आहे आणि कुठल्याही बेंचमार्कच्या आलेखात उतरती रेघ स्पष्ट दिसते.

आता तुमच्या जुन्या चित्रीकरणांकडे बघा. डीव्हीचा प्रवाह सेकंदाला सुमारे ३.६ एमबी, म्हणजे तासाला साधारण १३ जीबी. आतल्या टोकाचा सर्वांत हळू ट्रॅकसुद्धा त्याच्या पंचवीसपट वेगाने वाचतो. तेव्हा नाटकांची चित्रीकरणं मागे टाकल्याने बघताना काहीही अडणार नाही. हा तुमचा अंदाज अगदी बरोबर आहे.

चालू काम पुढे आणण्याचा फायदा मात्र मुख्यतः त्या दुप्पट वेगातून येत नाही. तो शेजारातून येतो. ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत पुरी करते, म्हणजे हवा तो सेक्टर हेडखाली (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली) येईपर्यंत सरासरी ४.२ मिलिसेकंद थांबावं लागतं. त्याआधी हेडला त्या ट्रॅकवर पोचायला सरासरी ९ मिलिसेकंद धरा. एक उडी झाली साधारण १३ मिलिसेकंदांची. तुम्ही प्रोजेक्ट उघडता तेव्हा एडिटिंगचं सॉफ्टवेअर थंबनेल, ऑडिओच्या पीक फायली, कॅशे अशा तीन हजार छोट्या फायली वाचतं असं समजू. त्या डिस्कभर विखुरलेल्या असतील तर नुसत्या उड्या मारण्यातच ३९ सेकंद जातील. त्याच फायली एकमेकींना लागून असतील तर हेड जवळजवळ जागेवरच राहतं आणि काम काही सेकंदांत उरकतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्यावाल्या एका रांगेत आणि मातीची भांडी दुसऱ्या रांगेत बसतात, म्हणून सगळा बाजार न तुडवता खरेदी होते, तसंच हे. मिरच्यांची रांग बाजाराच्या तोंडाशी आहे की शेवटी, याला त्या मानाने महत्त्व कमी.

मोठ्या फायलींचा हिशेब याच्या उलट आहे. एका चित्रीकरणाचे ६४ एमबीचे तुकडे पडलेत असं धरा. सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने एक तुकडा वाचायला ०.६४ सेकंद लागतात, आणि पुढच्या तुकड्यावर उडी मारायला ०.०१३ सेकंद. म्हणजे दोन टक्के. याच कारणामुळे विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टच्या डीफ्रॅगने ६४ एमबीपेक्षा मोठ्या तुकड्यांकडे लक्ष देणं सोडलं. तुमची १३ जीबीची फाइल वीस-तीस तुकड्यांत असली तरी ती जोडत रात्र घालवू नका. ‘इतके टक्के फ्रॅगमेंटेड’ हा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. कुठल्या फायली तुटल्यात, हे त्या आकड्यात दिसत नाही.

डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर फाइल हलवतं कसं, हेही कळलं पाहिजे, कारण मर्यादा तिथेच आहेत. विंडोज एनटी ४.० पासून, म्हणजे १९९६ पासून, विंडोजमध्येच त्यासाठी सोय आहे. सॉफ्टवेअर आधी पार्टिशनमधल्या भरलेल्या आणि रिकाम्या क्लस्टरचा (फायलींना जागा दिली जाते त्या छोट्या गाळ्यांचा) नकाशा मागतं, मग एखाद्या फाइलचे तुकडे कुठे कुठे आहेत ते विचारतं, आणि शेवटी ‘या फाइलचे इथले इतके क्लस्टर तिथे ने’ अशी विनंती करतं. हलवण्याचं काम विंडोज करतं. तिथे जागा रिकामी हवी. ती भरलेली असली तर विनंती फेटाळली जाते. म्हणूनच गच्च भरलेल्या डिस्कवर कुठलंही सॉफ्टवेअर हतबल होतं. एक्सपीचा डीफ्रॅग तर १५ टक्के जागा मोकळी मागायचा. शिवाय पेजफाइल (मेमरी कमी पडली की विंडोज वापरतं ती) आणि हायबरनेशनची फाइल (कॉम्प्युटर झोपवताना मेमरी साठवली जाते ती) विंडोज चालू असताना हलत नाहीत. एमएफटी, म्हणजे एनटीएफएस या विंडोजच्या फायली मांडण्याच्या पद्धतीतली सगळ्या फायलींची नोंदवही, हिचा सुरुवातीचा भागही जागचा हलत नाही. स्पीड डिस्कचा जमाना वेगळा होता. तेव्हा फॅट ही फायली मांडण्याची जुनी पद्धत होती आणि डिस्कवर जवळजवळ सगळं हलवता यायचं.

विंडोज स्वतःसुद्धा जागा ठरवतं, फक्त तुम्हाला विचारत नाही. एक्सपीपासून, विंडोज सुरू होताना आणि प्रोग्राम उघडताना कुठल्या फायली कुठल्या क्रमाने लागतात याची नोंद प्रीफेच ही विंडोजमधली सोय करते. त्यातून लेआउट डॉट आयएनआय ही यादी तयार होते आणि डीफ्रॅग त्या फायली त्याच क्रमाने एका जागी मांडतो. एक्सपीत हे दर तीन दिवसांनी, कॉम्प्युटर मोकळा असताना आपोआप व्हायचं. ही व्यवस्था चांगली आहे. ‘प्रीफेच बंद करा, कॉम्प्युटर पळेल’ असा सल्ला अजून लोक एकमेकांना देतात. मेकॅनिकल डिस्कवर तो पाळू नका. आणि एकाच पार्टिशनवर दोन डीफ्रॅगर ठेवू नका. एकाने रात्री मांडलेलं दुसरा पुढच्या आठवड्यात आपल्या पद्धतीने हलवतो, आणि डिस्कची नुसती झीज होते.

तरीही फाइलवार ताबा हवाच असेल तर साधनं आहेत. मार्क रुसिनोविच यांचं कॉंटिग एकच फाइल किंवा एकच फोल्डर सलग करतं. त्याला जागा सांगता येत नाही, पण पुष्कळदा तेवढंच पुरतं. डिफ्रॅगलरमध्ये मोठ्या फायली डिस्कच्या शेवटी नेण्याची सोय आहे. किती मोठ्या आणि कुठल्या प्रकारच्या, ते तुम्ही ठरवायचं. तुम्ही जे मागताय त्याच्या सर्वांत जवळचं आणि सोपं हेच. परफेक्टडिस्क फायली किती वारंवार बदलतात ते बघून त्यांची वर्गवारी करतं. सर्वांत जास्त मोकळीक येरून केसेल्स यांच्या मायडीफ्रॅगमध्ये होती: डिस्कचे झोन पाडायचे आणि कुठल्या झोनमध्ये काय, कुठल्या क्रमाने, हे स्क्रिप्टमध्ये लिहायचं. ते फार विचारपूर्वक बनवलेलं सॉफ्टवेअर होतं, पण त्याचं काम थांबून खूप वर्षं झाली, म्हणून ग्राहकाच्या एकुलत्या एका डिस्कवर आज मी ते चालवत नाही.

या सगळ्यांत एक खड्डा आहे, तो दाखवून ठेवतो. अशा सॉफ्टवेअरमध्ये ‘शेवटच्या वापराच्या तारखेनुसार’ फायली लावण्याचा पर्याय असतो आणि तो ऐकायला अगदी योग्य वाटतो: रोजच्या वापरातलं पुढे, धूळ खात पडलेलं मागे. पण व्हिस्टापासून विंडोजने फाइल नुसती वाचली तर ती तारीख बदलणं मुळातच बंद ठेवलं. नंतर विंडोज १० मध्ये सिस्टिम पार्टिशन लहान असेल तरच ते पुन्हा सुरू झालं. तुमच्या डीवर ती तारीख खोटीच असण्याची शक्यता जास्त. रोज उघडलेली फाइल आणि पाच वर्षं न बघितलेली फाइल सॉफ्टवेअरला सारखीच दिसेल. लावायचंच तर बदलाच्या तारखेनुसार किंवा फोल्डरच्या नावानुसार लावा.

आता मी स्वतः काय करतो ते. डीचे दोन भाग करायचे: सीला लागून ‘काम’ आणि त्यानंतर ‘संग्रह’. सी आधीच बाहेरच्या कडेला आहे, म्हणजे तुमचं विंडोज पुढेच आहे. ‘काम’ त्याला चिकटलं की रोजच्या वापरात हेड सी आणि ‘काम’ एवढ्याच पट्ट्यात हलतं. नाटकं बघायची असतील तेव्हाच ते आत जातं. ही भिंत कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय कायम उभी राहते. डीफ्रॅगने मागे नेलेली फाइल तुम्ही एडिट करून पुन्हा सेव्ह केली की ती परत कुठल्याही मोकळ्या जागेत जाऊन बसते. पार्टिशनच्या बाहेर मात्र ती जाऊ शकत नाही.

सी गरजेपेक्षा फार मोठा असेल तर तो आधी आकसून घ्या. इथे मात्र फायलींची जागा खरोखर आडवी येते. डिस्क मॅनेजमेंट म्हणतं १५० जीबी मोकळी आहे, पण कमी करायला गेलं की २० जीबीच देतं, कारण टोकाजवळ कुठलीतरी न हलणारी फाइल बसलेली असते. कुठली, ते इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशनच्या नोंदींत २५९ क्रमांकाच्या नोंदीत सापडतं. बहुतेक वेळा हायबरनेशन, पेजफाइल किंवा सिस्टिम रिस्टोअरचा साठा निघतो. तिन्ही तात्पुरते बंद करायचे, कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा, विंडोजच्या डीफ्रॅगला एक्स हा स्विच (कमांडच्या पुढे लिहायचा पर्याय) देऊन मोकळी जागा एकत्र करायची, पार्टिशन कमी करायचं आणि तिन्ही परत सुरू करायचे. रिस्टोअर बंद केलं की जुने रिस्टोअर पॉइंट जातात, एवढं लक्षात असू द्या.

डी रिकामा करण्यासाठी सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करावं लागेल, आणि नुसता डीफ्रॅग सोडून मी ही वाट धरतो त्याचं मोठं कारण हेच आहे. डीफ्रॅगने रात्रभर डिस्क घासून तुमच्याकडे एकच प्रत उरते. या वाटेने काम संपतं तेव्हा दोन असतात. जत्रेतल्या नाटकांची चित्रीकरणं पुन्हा मिळणारी नाहीत. त्यांत काम केलेली कितीतरी माणसं आज नसतील. कॉपी झाल्यावर फायलींची संख्या आणि एकूण बाइट्स जुळवा, शक्य असेल तर दोन्हीकडच्या फायलींचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) काढून ताडून बघा, आणि मगच डी पुसा. मूळ टेप अजून असतील तर त्या फेकू नका, पण आपल्या दमट हवेत टेपला बुरशी धरते, म्हणून त्यांच्यावर विसंबूनही राहू नका.

‘संग्रह’ पार्टिशन एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करताना क्लस्टर ६४ केबीचा निवडा. नेहमीचा ४ केबी असतो. मोठ्या चित्रीकरणांना मोठा क्लस्टर चांगला; तुकडे कमी पडतात. ‘काम’वर ४ केबीच राहू द्या, तिथे छोट्या फायली भरपूर आहेत.

परत भरताना क्रम तुमच्या हातात येतो. एनटीएफएस क्रमाची हमी देत नाही, पण रिकाम्या पार्टिशनवर एका वेळी एकच कॉपी चालवली तर फायली बहुतांशी ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने आणि सलग बसतात. विंडोजमधला कॉपी करणारा रोबोकॉपी फोल्डर नावाच्या क्रमाने उचलतो. तेव्हा फोल्डरच्या नावाआधी ०१, ०२, ०३ असे आकडे घाला: जे जास्त उघडता ते आधी. रोबोकॉपीचा एकाच वेळी अनेक फायली कॉपी करणारा एमटी स्विच मात्र देऊ नका, नाहीतर दोन-चार चित्रीकरणं एकमेकांत मिसळून लिहिली जातील. कॉपी चालू असताना त्याच डिस्कवर दुसरं काहीही लिहू नका, हेही त्याच कारणासाठी.

पुढे तुकडे पडू नयेत म्हणून दोन सवयी पुरतात. टेप उतरवून घेताना त्याच डिस्कवर एक्स्पोर्ट लावू नका. दोन मोठ्या फायली एकाच वेळी वाढू लागल्या की त्या आलटून पालटून जागा घेतात. आणि प्रत्येक पार्टिशनवर १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा. उतरवताना फ्रेम गळत असतील तर लगेच डीफ्रॅगला दोष देऊ नका. ३.६ एमबी कुठलीही धड डिस्क लिहू शकते. अँटिव्हायरस, पाठीमागे चाललेलं अपडेट किंवा फायरवायरची (कॅमेरा जोडायची) सैल केबल आधी तपासा.

दुसरी डिस्क विकत घ्याल तेव्हा ती एसएमआर आहे का ते विचारा. यात ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे मधलं थोडंसं बदलायचं तरी पुढचा सगळा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. डिस्क ते काम आतल्या आत निस्तरते आणि त्यासाठी पत्ते स्वतःच फिरवते. म्हणजे डीफ्रॅगच्या नकाशावर जी फाइल ‘शेवटी’ दिसते, ती चकतीवर तिथेच असेल असं नाही. अशा डिस्कवर फायली इकडून तिकडे हलवणं अतिशय संथ होतं आणि त्यातून मिळत काहीच नाही. १ टीबी आणि त्यावरच्या बऱ्याचशा २.५ इंची बाहेरून लावायच्या डिस्क अशाच असतात. नुसती प्रत ठेवायला त्या चालतात; एकदा भरा आणि ठेवून द्या.

एसएसडीवर तर जागा ठरवण्याला अर्थच नाही. तिथे हेड नाही, उडी नाही, आणि कुठला पत्ता कुठल्या चिपवर जाणार हे तिचा कंट्रोलर ठरवतो. विंडोज तिला ओळखतं आणि डीफ्रॅगऐवजी ट्रिम चालवतं (म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाल्याचं तिला कळवतं), ते चालू राहू द्या. आणि खरं सांगायचं तर, थोडा खर्च जमत असेल तर विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू काम एका साध्या साटा एसएसडीवर न्या. १३ मिलिसेकंदांची उडी तिथे मिलिसेकंदाच्या अंशावर येते. मग ही हार्ड डिस्क पूर्णपणे संग्रहाला मिळेल आणि वर सांगितलेल्या पार्टिशनांपैकी एकच करावं लागेल.

हात घालण्याआधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पेंडिंग (नीट वाचता न येणारे) सेक्टर किंवा दुरुस्त न होणारे सेक्टर शून्याच्या वर असतील तर डीफ्रॅग, पार्टिशन कमी करणं, काहीही करू नका. फक्त कॉपी काढा, त्यातही जे परत मिळणार नाही ते सर्वांत आधी. आजारी डिस्कला डीफ्रॅगसारखं काम लावलं की तिची अखेर जवळ येते.

आणि वीज. एनटीएफएसवर फाइल हलवताना माहिती आधी नव्या जागी लिहिली जाते आणि नोंद मागाहून बदलते, त्यामुळे मध्येच करंट गेला तरी फाइल सहसा जुन्या जागी शाबूत राहते. फॅट ३२ आणि एक्सफॅटला बदल आधी टिपून ठेवणाऱ्या जर्नलची अशी राखण नाही. पार्टिशन कमी करताना वीज गेली तर मात्र कशाचाच भरवसा नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून यूपीएसशिवाय हे काम काढू नका. घरचा इन्व्हर्टर यूपीएस मोडवर आहे ना, ते दिवे चालू ठेवून नव्हे तर कॉम्प्युटर चालू ठेवून, मेन स्विच पाडून आधी एकदा तपासा. वीज बदलताना कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला तर तो इन्व्हर्टर या कामाचा नाही.

सगळं भरून झालं की ‘काम’ आणि सीवर विंडोजचं नेहमीचं वेळापत्रक चालू ठेवा आणि ‘संग्रह’चं नाव ऑप्टिमाइझ ड्राइव्हजच्या यादीतून काढून टाका. तिथे फायली बदलत नाहीत, त्यामुळे त्या पार्टिशनला पुन्हा डीफ्रॅग लागणार नाही. नवीन चित्रीकरण ‘काम’वर उतरवायचं, एडिट पुरं करायचं, आणि तयार झालेली फाइल एकदाच ‘संग्रह’वर आणि दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायची.